मोठी ती मादी : क्लाउनफिशचे भांडण आणि त्यांची जोडी

खाऱ्या पाण्याचा टँक पहिल्यांदा लावणारे बहुतेक जण सुरुवातीला दोन क्लाउनफिश आणतात. दुकानात त्यांना सगळे ‘निमो’च म्हणतात. रंगाने देखणे, अंगाने काटक आणि इतर सागरी माशांच्या मानाने खिशाला परवडणारे. पहिल्या दिवशी दोघेही बावरलेले असतात, एका कोपऱ्यात शेजारी शेजारी तरंगतात आणि घरच्यांना वाटते, छान गट्टी जमली. मग एक-दोन दिवसांत त्यातला एक दुसऱ्याच्या मागे लागतो. त्याला काचेपाशी रेटतो, शेपटीला चावतो, खाण्याजवळ फिरकू देत नाही. घाबरून दुकानदाराला फोन जातो : यांची जोडी जमत नाही, एक बदलून द्या.

बहुतेक वेळा हा फोन घाईचा असतो. क्लाउनफिशची जोडी जमते ती या पाठलागातूनच. दोघांपैकी मादी कोण होणार हे तिथे ठरत असते आणि ते ठरल्याशिवाय त्यांचा संसार सुरू होत नाही. मात्र काही वेळा असाच पाठलाग एकाचा जीव घेतो, हेही तितकेच खरे. एकातून जोडी होते, दुसऱ्यातून मृत्यू. हा फरक डोळ्यांना दिसतो, फक्त काय पाहायचे ते माहीत हवे. त्यासाठी आधी हे मासे समुद्रात कसे राहतात ते समजून घेऊ.

समुद्रफुलातली रांग

क्लाउनफिशच्या तिसाच्या आसपास जाती आहेत आणि सगळ्या हिंदी महासागर व पश्चिम प्रशांत महासागरातल्या उष्ण पाण्यातल्या. आपल्याकडे टँकमध्ये सर्वांत जास्त दिसते ती ओसेलारिस. ही जात अंदमानच्या प्रवाळखडकांवरही सापडते. तिची जवळची नातेवाईक पर्क्युला मात्र पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटे आणि ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याकडची. दुकानांत या दोन नावांची सर्रास अदलाबदल होते. पाठीवरच्या पराचे काटे मोजले तर उलगडा होतो : ओसेलारिसला बहुधा 11, पर्क्युलाला 10.

या माशांचे घर म्हणजे समुद्रफूल, दुकानाच्या भाषेत ॲनिमोन. त्याच्या शुंडकांत दंश करणाऱ्या पेशी असतात. क्लाउनफिशच्या अंगावरचा चिकट थर त्याला या दंशापासून वाचवतो, त्यामुळे तो तिथे निर्धास्त वावरतो आणि त्याचे शत्रू बाहेरच राहतात. पण समुद्रफुले मोजकी. एका घरातून हाकलला गेलेला छोटा मासा दुसरे घर शोधेपर्यंत बहुतेक वेळा कोणाच्या तरी तोंडी पडतो. म्हणून या माशांच्या आयुष्यात सगळ्यांत मोठा प्रश्न एकच : घरात आपली जागा टिकवायची कशी.

एका समुद्रफुलात साधारणपणे एक जोडी आणि तिच्याखाली काही छोटे, प्रजनन न करणारे मासे राहतात. छोट्यांची संख्या शून्यापासून चारेकपर्यंत असते. सगळ्यांत मोठी ती मादी. तिच्याखालचा तो नर. बाकीचे ना नर ना मादी. त्यांच्या जननग्रंथीत दोन्हींच्या पेशी असतात, पण त्या कामाला लागलेल्या नसतात. मादी मेली की नर मादी होतो आणि उरलेल्यांतला सगळ्यांत मोठा त्याच्या जागी नर होतो. ही वाट एकाच दिशेची आहे. नर मादी होऊ शकतो, पण एकदा मादी झालेला मासा पुन्हा नर होत नाही. हान्स फ्रिके आणि सिमोन फ्रिके यांनी 1977 साली ‘नेचर’मध्ये या माशांची एकनिष्ठ जोडी आणि दादागिरीतून ठरणारे लिंग यांचे वर्णन केले, तेव्हापासून ही गोष्ट जीवशास्त्राच्या वर्गात शिकवली जाते.

नंबर ठरतो आकारावरून, आणि प्रत्येक मासा आपला आकार जपून ठेवतो. पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीतल्या पर्क्युला माशांचे मोजमाप करून 2003 साली दाखवले की रांगेतला प्रत्येक मासा आपल्या लगेच वरच्यापेक्षा लांबीने ठरावीक प्रमाणात लहान असतो, साधारण त्याच्या चार-पंचमांश. खालच्याला अन्न मिळत नाही म्हणून तो खुजा राहतो, असे नाही. तो वाढ आवरून धरतो. वरच्याच्या आकाराच्या जवळ गेला तर तो प्रतिस्पर्धी ठरतो, मग भांडण होते आणि हरणाऱ्याला घर सोडावे लागते. लहान राहणे म्हणजे ‘तुझ्या जागेवर माझा डोळा नाही’ हे अंगाने सांगणे.

आकाराचा हा हिशेब किती खोलवर रुजला आहे याचा अलीकडचा पुरावा पापुआ न्यू गिनीतल्याच किंबे उपसागरातून आला. 2023 मध्ये तिथले पाणी उष्णतेच्या लाटेत तापले असताना संशोधकांनी 134 क्लाउनफिशची लांबी दर महिन्याला मोजली. त्यांतले 100 मासे त्या काळात एकदा तरी चक्क आखूड झाले. जोडीतले दोघेही सोबत आखूड झाले तिथे जगण्याची शक्यता अधिक होती. 2025 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाढणे, थांबणे आणि प्रसंगी आक्रसणे, हे सगळे हा मासा जोडीदाराचा अंदाज घेऊन करतो.

टँकमध्ये बिघडते कुठे

आता हाच मासा चार काचांच्या आत येतो. दुकानात गिऱ्हाईक काय मागते? ‘एकसारखे दोन द्या.’ एकसारखे दोन म्हणजे जोडी, असे आपल्या मनात बसलेले असते. दुकानदारही आकाराने अगदी जुळणारे दोन जाळीत पकडून देतो. क्लाउनफिशच्या दृष्टीने ही सगळ्यांत अवघड निवड आहे. दोघांचा आकार सारखा म्हणजे मोठा कोण या प्रश्नाला उत्तरच नाही, आणि उत्तर मिळेपर्यंत ते भांडणार. पर्क्युलावरच्या प्रयोगांत असेही दिसले आहे की समान आकाराचा प्रतिस्पर्धी समोर असला की मासा एकटा असतानापेक्षा जास्त वेगाने वाढतो. म्हणजे दोघेही एकमेकांना मागे टाकण्यासाठी वाढीची शर्यत लावतात.

दुसरी अडचण जागेची. समुद्रात हरलेला निदान पळू तरी शकतो. टँकमध्ये पळणारा काचेवर आदळतो आणि पुन्हा मारणाऱ्याच्या समोर येतो. पाठलाग करणाऱ्याला मात्र वाटते की हा अजून आपल्या हद्दीतच आहे, म्हणजे हरलेला नाही.

दुकानात एका छोट्या टाकीत तीस-चाळीस पिल्ले गुण्यागोविंदाने राहताना दिसतात, त्यावरून फसू नये. तिथे गर्दीमुळे कोणा एकाला हद्द आखता येत नाही आणि चावे सगळ्यांत वाटले जातात. त्यातले दोन उचलून मोकळ्या टँकमध्ये टाकले की दडलेला प्रश्न उघडा पडतो.

भांडणाची भाषा

टँकसमोर थोडा वेळ शांत बसून पाहिले तर या भांडणाचे ठरावीक टप्पे दिसतात. वरचढ मासा आधी सरळ अंगावर जातो. दुसरा सरकला नाही तर तोंडाने ढोसतो, मग शेपटी किंवा कुशीचा पर चावतो. समान आकाराचे असतील तर तोंडाला तोंड भिडवून एकमेकांचा जबडा पकडतात आणि गोल फिरतात. खोली शांत असेल तर ‘टक-टक’ असा बारीक आवाजही ऐकू येतो. हा आवाज दात आपटल्याचा असतो. क्लार्की जातीच्या माशांवर काम करून एरिक पारमांतिये आणि सहकाऱ्यांनी 2007 साली ‘सायन्स’मध्ये दाखवले की एका अस्थिबंधामुळे या माशाचा जबडा झटक्यात मिटतो आणि दातांवर दात आपटून आवाज होतो. हल्ल्याचा आवाज वेगळा, शरण जाण्याचा वेगळा.

आणि शरण जाणे हेच नीट पाहायचे. दुबळा मासा मोठ्याच्या जवळ येतो, अंग किंचित एका कुशीवर कलवतो आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत थरथरतो. सेकंद-दोन सेकंदांची ती थरथर. थंडी भरून आल्यासारखे सारे अंग झटके देत हलते, आणि त्या क्षणी समोरचा चावायला उघडलेले तोंड मिटतो. कधी तो वळून निघून जातो, कधी बाजूला येऊन नुसता उभा राहतो. पुष्कळ नवखे लोक या थरथरीला घाबरतात, मासा आजारी पडला किंवा त्याला फिट आली असे समजतात. खरे तर ही सगळ्यांत आनंदाची खूण. ‘तू मोठी, मी धाकटा’ असे धाकट्याने मान्य केले, आणि मोठीने ते ऐकले.

थरथर दिसली आणि तिच्यानंतर मार थांबला, तर जोडी मार्गावर आहे. चावे अधूनमधून चालू राहतील, पण त्यांचा जोर दिवसागणिक उतरेल. याउलट धाकटा थरथरतो तरी मोठा थांबत नाही, किंवा दोघांपैकी कोणीच थरथरत नाही, तर काळजीचे कारण आहे.

मासे निवडताना

भांडण सौम्य करण्याची खरी संधी दुकानातच असते. लांबीत डोळ्यांना सहज दिसेल एवढा फरक असलेले दोन मासे घ्या. मोठा 5 सेंटिमीटरचा असेल तर धाकटा 3 ते 4 सेंटिमीटरचा. मोठा कोण हा प्रश्न आधीच सुटलेला असेल, तर भांडायला फारसे उरत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट : धाकटा अजून मादी झालेला नसावा. दोन माद्या एकत्र सोडल्या तर तडजोड अशक्य असते, कारण दोघींपैकी एकीलाही नर होण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. म्हणून छोटी पिल्ले घेणे सुरक्षित. 3-4 सेंटिमीटरची पिल्ले अजून ना नर ना मादी असतात. मोठे पिल्लू पुढे मादी होईल, धाकटे नर. पूर्ण वाढलेले दोन मोठे मासे वेगवेगळ्या टाक्यांतून आणून ‘जोडी’ म्हणून कोणी देत असेल तर नको म्हणा. ‘बाँडेड पेअर’ म्हणून विकत असतील तर दोघे एकाच टाकीत आहेत का, मोठ्या-लहानाचा फरक आहे का आणि धाकटा थरथरून दाखवतो का, हे उभे राहून बघा. खरी जोडी टाकीच्या एका भागात एकत्र वावरते आणि एकत्रच झोपते.

जात एकच हवी. ओसेलारिस आणि क्लार्की, किंवा टोमॅटो आणि ओसेलारिस, असे वेगवेगळे जोडून संसार होत नाही. रंगाचे प्रकार मात्र चालतात. स्नोफ्लेक, काळे ओसेलारिस, नारिंगी ओसेलारिस हे सगळे एकाच जातीचे, त्यांची आपसात जोडी जमते. आपल्या जातीचा कोण हे ओळखण्यात पांढऱ्या पट्ट्यांचा भाग असावा, असे जपानच्या ओकिनावा बेटावरच्या प्रयोगांतून पुढे आले आहे. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात पाळलेल्या ओसेलारिसनी तीन पट्ट्यांच्या माशांवर आणि प्लास्टिकच्या प्रतिकृतींवर सर्वांत जास्त हल्ले केले. पट्टे कमी तसा राग कमी. तीन पट्टे म्हणजे आपल्याच जातीचा, आणि घरावर हक्क सांगणारा तोच.

जातींचे स्वभावही वेगवेगळे. ओसेलारिस सगळ्यांत सोशिक, पर्क्युला थोडी तापट, टोमॅटो आणि क्लार्की त्याहून भांडखोर. मरून क्लाउनफिशच्या वाटेला नवख्याने जाऊच नये. तिची मादी 15 सेंटिमीटरपर्यंत वाढते, गालावर काटे असतात आणि नकोसा नर ती एका रात्रीत फाडू शकते. मरूनमध्ये नर मादीच्या निम्म्याहूनही छोटा निवडावा लागतो.

ओळख करून देताना

दोघे छोटे आणि टँक दोघांनाही नवा असेल तर सर्वांत उत्तम. दोघांनाही एकाच वेळी सोडा. आधी आलेल्याला हद्दीचा हक्क वाटतो. एकत्र आले तर तो प्रश्न येत नाही. एका जोडीसाठी 80 ते 100 लिटर पाणी पुरते, पण खडकांची रचना अशी हवी की एका जागेवरून सगळा टँक दिसू नये. नजरेआड होता आले की पाठलाग तुटतो.

एक मासा आधीपासून टँकमध्ये असेल तर नव्याला थेट सोडू नका. दुकानात मिळणारा छिद्रांचा पारदर्शक ब्रीडिंग बॉक्स टँकच्या आतल्या काचेला लावा आणि नव्याला काही दिवस त्यात ठेवा. पाणी एकच, नजर एकमेकांवर, पण दात पोचत नाहीत. पहिल्या दिवशी जुना मासा डब्यावर डोके आपटत राहील. हळूहळू त्याचा रस कमी होतो. डब्यातला धाकटा काचेआडूनच थरथरू लागला आणि जुना शांतपणे डब्याशेजारी झोपू लागला, की नव्याला सोडण्याची वेळ आली. सोडण्याआधी दोन-तीन खडक हलवून रचना बदला, म्हणजे जुन्याची आखलेली हद्द मोडते. सोडा तेव्हा संध्याकाळी, दिवे मंद करून.

सुरुवातीच्या दिवसांत खाणे दोन टोकांना टाका. मोठा एका कोपऱ्यात गुंतलेला असताना धाकट्याच्या वाट्याला दुसऱ्या कोपऱ्यात दोन घास येतात. उपाशी मासा लवकर खचतो आणि खचलेल्याला जास्त मार बसतो, ही साखळी इथेच तोडायची.

पाण्याची स्थिती ढळली तर भांडण चिघळते. तापमान 25 ते 27 अंश आणि विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या आसपास स्थिर ठेवा. मुंबई-कोकणात एप्रिल-मे महिन्यांत पाणी सहज 30 च्या वर जाते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि धावून धावून दमलेल्या धाकट्याला तोच सर्वांत जास्त लागतो. पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडा, प्रवाह वाढवा, आणि उन्हाळ्यात शक्यतो नवी जोडी जमवायला घेऊच नका.

वेगळे कधी करायचे

पाठलाग, ढोसणे, शेपटीच्या कडेला किरकोळ चीर, एवढ्यावर हात घालू नका. आपण मधे पडून दोघांना वेगळे केले आणि पुन्हा एकत्र सोडले की ठरत आलेले भांडण पहिल्यापासून सुरू होते. चिरलेले पर स्वच्छ पाण्यात आपोआप भरून येतात.

पुढच्या खुणा दिसल्या तर मात्र थांबू नका. धाकटा पाण्याच्या पृष्ठभागाशी किंवा हीटरच्या मागे एकाच कोपऱ्यात दिवसभर अडकून पडला आहे. खाणे समोर आले तरी येत नाही. पर मुळापर्यंत फाटले आहेत, अंगावरचे खवले निघाले आहेत, डोळ्याजवळ जखम आहे. शरण आल्यावरही मार चालू आहे. यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी दोघांना वेगळे करा. आणि डब्यात घालायचे ते मारणाऱ्याला. धाकट्याला डब्यात ठेवले तर बाहेरचा सगळा टँक मोठ्याचाच राहतो. मोठा आत असताना धाकटा बाहेर मोकळा फिरतो, खातो, सावरतो, आणि मोठ्याचा हद्दीवरचा पक्का दावा सैल होतो. काही दिवसांनी पुन्हा सोडून पाहा. दोन-तीनदा करूनही तेच घडत असेल तर बहुधा दोघेही मादी होण्याच्या वाटेवर पुढे गेले आहेत. तिथे हट्ट धरू नका. एकाला दुसरे घर शोधून द्या.

एक सावधगिरी. कोपऱ्यात बसून जोरजोरात श्वास घेणारा आणि अंगावर पांढुरका चिकट थर आलेला मासा माराने नव्हे, आजाराने खचलेला असू शकतो. क्लाउनफिशना, विशेषतः समुद्रातून पकडून आणलेल्यांना, ब्रूक्लिनेला नावाच्या एकपेशीय परजीवीचा आजार होतो आणि तो झपाट्याने मारतो. म्हणून नव्या माशाला आधी वेगळ्या टाकीत निगराणीखाली ठेवणे हे जोडीच्या दृष्टीनेही हिताचे.

जोडी जमली, आता पुढे

जमलेल्या जोडीच्या खुणा साध्या असतात. दोघे टँकच्या एकाच भागात राहतात, रात्री शेजारी झोपतात, खाण्याच्या वेळी मोठी पुढे आणि धाकटा तिच्या कुशीशी. थरथर चालूच राहते, कारण ती एकदा म्हणून संपवायची शपथ नव्हे, रोजचा रिवाज आहे. हळूहळू आकारातला फरक वाढत जातो. मोठी भरभर वाढते, धाकटा थांबतो. धाकटा वाढत नाही म्हणून त्याला जास्त भरवण्याची गरज नाही. ते त्याचे शहाणपण आहे.

समुद्रफूल नसले तरी जोडी जमते. समुद्रफुलाला तीव्र प्रकाश आणि स्थिरावलेले पाणी लागते. नव्या टँकमध्ये ते मरते आणि मरताना पाणीही नासवते. क्लाउनफिश एखादा खडक, फुलदाणीचा तुकडा किंवा पंपाचा कोपरासुद्धा घर मानतात.

पिल्ले घेतली असतील तर अंडी दिसायला वर्ष-दीड वर्ष किंवा अधिक काळ लागतो. आधी नर खडकाचा सपाट भाग तोंडाने घासून स्वच्छ करू लागतो, मग मादीही त्यात सामील होते. ती खडकाला पोट टेकवून ओळीने अंडी चिकटवते, मागोमाग नर फिरतो. पहिल्या दिवशी तो पुंजका झळाळता नारिंगी दिसतो. नर दिवसभर परांनी त्यावर पाण्याचा झोत मारतो, खराब अंडी तोंडाने काढून टाकतो. रंग तपकिरी होत जातो आणि शेवटी प्रत्येक अंड्यात दोन चंदेरी डोळे स्पष्ट दिसतात. पाणी 27 अंशांच्या आसपास असेल तर आठवड्याभराने, दिवे मालवल्यानंतरच्या अंधारात, अंडी फुटतात. पिल्लांना सुरुवातीला रोटिफरसारखे सूक्ष्म जिवंत खाद्य लागते. ती वेगळ्या टाकीत वाढवली नाहीत तर टँकमध्ये तगत नाहीत.

या काळात भांडणाचा दुसरा अंक सुरू होतो, पण आता रोख बाहेरच्यांवर असतो. मादी घरट्याजवळ येणाऱ्या प्रत्येकावर धावते. काच पुसायला हात घातला तर हातालाही चावते, आणि 8 सेंटिमीटरच्या माशाचा चावा चांगलाच जाणवतो. टँकमधल्या शांत माशांना तेव्हा एक कोपरा मोकळा मिळेल याची काळजी घ्या. नरालाही अधूनमधून मार बसतो. तो अंड्यांजवळ टिकून असेल तर लक्ष देण्याचे कारण नाही.

तिसरा आणलात तर

जोडी छान जमली की आणखी एक आणावासा वाटतो. आणू नका. समुद्रात खालच्या नंबरवर छोटे मासे राहतात ते वाढ आवरून, मोठ्या समुद्रफुलाच्या कडेला सरकून. टँकमध्ये आपण सगळ्यांना पोटभर खायला घालतो, तिसरा वाढतो, नराच्या आकाराजवळ येतो आणि मग दोघे मिळून त्याला संपवतात. एकाच वेळी आणलेल्या पिल्लांचा घोळका मोठ्या टँकमध्ये वर्षभर नांदतानाही दिसतो, पण एक मादी वयात आली की तो घोळका फुटतो. तेव्हा जास्तीचे मासे काढून घेण्याची तयारी असेल तरच त्या वाटेला जावे.

मासे आणायचे कुठून

पाळीव टाकीत जन्मलेले मासे घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. ते डब्यातले खाणे लगेच खातात, आजार कमी आणतात आणि छोट्या आकारात मिळतात, म्हणजे जोडीसाठी हवे तसे. क्लाउनफिशचे प्रजनन भारतात आता नवलाईचे राहिलेले नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तमिळनाडूतील मंडपम केंद्राने आणि अन्नामलाई विद्यापीठाच्या परंगीपेट्टई येथील सागरी जीवशास्त्र केंद्राने त्याच्या पद्धती बसवल्या. महाराष्ट्रात मँग्रोव्ह फाउंडेशनने ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात शोभिवंत सागरी माशांची हॅचरी उभारली आहे. खाडीकाठच्या लोकांना त्यातून रोजगार मिळावा हा तिचा हेतू आहे. समुद्रातून काढलेला प्रत्येक क्लाउनफिश तिकडे एका समुद्रफुलातली रांग विस्कटून येतो. इथे जन्मलेला मासा घेतला तर ती रांग अबाधित राहते. टँक सजवायला समुद्रातून तोडलेले प्रवाळही घेऊ नका. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

दोघांतला एक गेला तर

नीट सांभाळलेले क्लाउनफिश दहा वर्षे किंवा त्याहूनही जास्त जगतात, त्यामुळे कधीतरी एक आधी जातो. तेव्हा गेला तो नर होता की मादी, उरला तो कोण, असा गोंधळ उडतो. मादी उरली असेल तर तिला नर हवा. नर उरला असेल तर तो मादी होऊ लागेल. त्याचे वागणे तर लगेच बदलते, तो बेधडक होतो, हातावर धावून येतो. शरीर मागाहून, काही महिन्यांत बदलते. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात ओसेलारिसवर झालेल्या कामात दिसले आहे की मेंदूचा संबंधित भाग आधी मादीसारखा होतो आणि जननग्रंथी मागून येतात.

गंमत ही की दोन्ही बाबतींत आपण करायचे ते एकच : उरलेल्यापेक्षा स्पष्टपणे लहान, अजून वयात न आलेले पिल्लू आणायचे. उरलेली मादी असेल तर पिल्लू नर होईल. उरलेला नर असेल तर तो मादी होईल आणि पिल्लू त्याच्या रिकाम्या जागेवर चढेल. मोठा कोण याचे उत्तर आपण आणलेल्या पिल्लाच्या अंगावरच लिहिलेले असते. मग पुन्हा डबा, हलवलेले खडक, दोन टोकांना खाणे, आणि पहिल्या थरथरीची वाट. ती दिसेपर्यंत धीर धरावा, आणि ती दिसूनही मार थांबत नसेल तर ताबडतोब मधे पडावे. क्लाउनफिश पाळणाऱ्याने एवढे दोन निर्णय वेळेवर घेतले तर बाकीचे मासे आपसांत ठरवतात.